स्वमग्न मुलाची भीती पायरीपायरीने कमी करताना
सीबीटी, म्हणजेच बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणूक हळूहळू बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत), स्वमग्नता (ऑटिझम) घालवण्यासाठी नसून, बोलू शकणाऱ्या स्वमग्न मुलांची चिंता कमी करण्यासाठी वापरतात, हे आधी ध्यानात घ्यावे. ‘तुला कसे वाटते?’ या प्रश्नावर पुष्कळ मुले गप्प राहतात. म्हणून ० ते १० अंकांचा भीतीचा तापमापक (० म्हणजे भीती नाही, १० म्हणजे सर्वांत जास्त भीती) कागदावर काढून द्यावा, आणि मुलाला रेल्वेची आवड असेल तर अंकांपुढे स्थानकांची नावे लिहावीत. कुकरच्या शिट्टीची भीती असल्यास प्रथम कुकरचे चित्र, मग मोबाइलवर अगदी बारीक आवाजात शिट्टी, त्यानंतर स्वयंपाकघराबाहेर उभे राहून खरी शिट्टी, अशा पायऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्याने आणि मुलाला विचारून ठरवाव्यात. आकडा उतरल्याखेरीज पुढची पायरी घेऊ नये. आवाजाने कान खरोखरच दुखत असतील, तर मात्र सवयीचा आग्रह न धरता कान झाकायला हेडफोन द्यावा.