मुठेचा गाळ आणि माझा लाल स्वेटर

पहिल्या खेपेला पुण्यात विठ्ठलवाडीजवळच्या मुठा नदीच्या गाळात लाल धागेच धागे निघाले. भाची खूश! नदीच्या गाळातलं मायक्रोप्लास्टिक शोधायचा तिचा शाळेचा प्रकल्प ना. मग माझी नजर माझ्या स्वेटरवर गेली. अ‍ॅक्रिलिकचा, लालभडक. सगळं ओतून दिलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळ्या धुण्यात हयात गेली, तरी ही चूक केली! तेव्हा सुरुवात कपड्यांपासून: सुती घाला, पंखा बंद करा.

प्लास्टिकचा ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. ते शोधायला गाळ आणायचा तो पाणी ओसरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असेल तर पात्राकडे फिरकू नका. नदीत सांडपाणी असतं, रबरी हातमोजे हवेतच. काठावरच्या चार-पाच जागांचा वरचा ५ सेंटीमीटर थर स्टीलच्या उलथन्यानं खरवडून काचेच्या बरणीत भरा. झाकणाला आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून तोंडावर आधी अ‍ॅल्युमिनियम फॉइल.

गाळ स्टीलच्या ताटात झाकून वाळवा, मोठ्या भोकांच्या चाळणीनं खडे-काड्या काढा.

आता हलकं प्लास्टिक वर तरंगवायला मिठाचं पाणी. १ लिटरला ३६० ग्रॅम मीठ, भरपूर ढवळून. १०० मिलिलिटरचं वजन १२० ग्रॅमच्या आसपास भरलं की जमलं. समुद्री मिठातही प्लास्टिकचे कण सापडतात, त्यामुळे हे पाणी फिल्टर पेपरमधून गाळूनच घ्या. आम्ही हे विसरलो होतो. (दुसरी खेपही वाया.)

१०० ग्रॅम गाळावर तिप्पट पाणी ओता, दोन मिनिटं ढवळा, झाकून रात्रभर ठेवा. आपल्याकडची काळ्या दगडाची रेती तळाला बसते. पिशव्यांचं पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, नायलॉन वर येतं. पण बाटल्यांचं पीईटी आणि पाइपांचं पीव्हीसी या पाण्याहून जड, ते खालीच राहतं. काठावर डोळ्यांना बाटल्याच जास्त दिसतात आणि आपल्या मोजणीत त्याच येत नाहीत, हे वहीत लिहाच. झिंक क्लोराइडच्या दाट द्रावणात तेही तरंगतं, पण ते कातडी जाळतं आणि मोरीत ओतता येत नाही. घरात मी ते आणू दिलं नाही.

शेजारी दुसरी बरणी मांडा: तेच पाणी, तेच झाकण, गाळ मात्र नाही. तिच्यात जे सापडेल ते घरातलं. आमच्या बरणीत तीन निळे धागे निघाले, सोफ्याच्या कव्हरचे. ही बरणी नसेल तर तुमच्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

वरचं पाणी फिल्टर पेपरवर ओता, कागद वाळवून दहापट भिंगाखाली बघा. सुताचा धागा चपटा, पिळलेला असतो. नायलॉनचा सगळीकडे सारख्या जाडीचा. शंका आली तर तापवलेली सुई टेकवा. प्लास्टिक वितळतं किंवा आक्रसतं, पानाचा तुकडा नुसता करपतो. हे मोठ्यांनीच करायचं.

कागद वाळेपर्यंत भाचीनं विचारलं, "मामा, हे कोकणात जातं का?" नाही गं. मुठा मुळेला, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला. थेट बंगालच्या उपसागरात.

उरलेलं मिठाचं पाणी कुंडीत टाकू नका, झाडं मरतात. गाळून काचेच्या बाटलीत ठेवा, पुढच्या खेपेला चालतं.