तुरीची शेंडे खुडणी: किती खुडायचे, केव्हा आणि कुठे थांबायचे

झाडाला जास्त फुटवे यावेत म्हणून तुरीचे शेंडे खुडतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेली तूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पहिल्या खुडणीला येते. पीक ४० ते ४५ दिवसांचे आणि साधारण दोन ते अडीच फूट झाले की शेंड्याचा कोवळा भाग फक्त एक ते दोन इंच खुडावा. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत सहज तुटेल एवढाच. त्यानंतर वीसेक दिवसांनी, नव्या फांद्या वाढल्या की त्यांचेही शेंडे तसेच खुडावेत.

इंचभराने काय होणार, असे वाटून बरेच जण कोयत्याने हातभर कापतात. इथेच चूक होते. शेंड्यावरच्या कोवळ्या पानांत ऑक्झिन हे संजीवक तयार होते आणि खोडातून खाली उतरते. ते पाण्यासारखे वाहत नाही, एका पेशीतून दुसरीत हातोहात दिले जाते. ऑक्झिन पेशीत शिरणे सोपे, पण आत गेल्यावर त्यावर विद्युतभार येतो आणि पेशीच्या पडद्यातून ते आपोआप बाहेर पडू शकत नाही. त्याला बाहेर काढायला ‘पिन’ नावाची वाहक प्रथिने लागतात. खोडात ही प्रथिने पेशीच्या खालच्या बाजूला बसलेली असतात, म्हणून प्रवाह शेंड्याकडून मुळाकडेच जातो. वेग तासाला सुमारे एक सेंटिमीटर.

पानांच्या बगलेतल्या डोळ्यालाही, म्हणजे न फुटलेल्या कोंबालाही, फुटायचे तर स्वतःचे ऑक्झिन याच खोडात सोडावे लागते. वरून येणाऱ्या मालाने वाट भरलेली असेल तर तो डोळा झोपून राहतो. शेंडा गेला की वाट मोकळी होते. शिवाय शेंड्याकडे जाणारी साखर लगेच डोळ्यांकडे वळते, आणि डोळे हलायला लागतात ते आधी या साखरेमुळे. म्हणजे काम कोवळ्या टोकाचे आहे. खाली हातभर कापले तर फुटणारे डोळे आणि साखर बनवणारी पानेच आपण फेकून देतो, आणि फुटवे उलट कमी येतात.

यावरूनच पुढची काळजी ठरते. पावसाचा खंड पडून झाड दुपारी माना टाकत असेल तर खुडू नका, डोळ्यांना द्यायला साखरच नसते. पाणी साचले असेल तर निचरा करून वाफसा येऊ द्या. दाट पेरलेल्या तुरीत फांद्यांना ऊन मिळत नाही, तिथे खुडणीची मजुरी वसूल होणे कठीण. चार-सहा फुटांवरच्या ओळीत किंवा सोयाबीनमधल्या आंतरपिकात मात्र फरक ठळक दिसतो. आयसीपीएल ८७ सारख्या लवकर येणाऱ्या, ठेंगण्या वाणात खुडणीच्या भानगडीत पडू नये. बीएसएमआर ७३६ सारख्या १८० दिवसांच्या वाणाला दुसऱ्या खुडणीनंतरही फांद्या भरायला वेळ मिळतो. बीडीएन ७११ दीडशे दिवसांच्या आसपास निघते, तिथे दुसरी खुडणी लांबवू नका. कळ्या दिसू लागल्या की कोणत्याही वाणात हात लावायचा नाही, फुलोरा मागे पडतो आणि शेवटच्या शेंगा ओलाव्याअभावी पोचट राहतात.

खुडणी उघडिपीच्या दिवशी, पाने कोरडी झाल्यावर करावी. बॅटरीच्या यंत्राने काम भराभर होते, पण पाते शेंड्याच्या उंचीवर धरा. झाडे कमी-जास्त उंच असतील तर यंत्र उंच झाडे खोल कापते आणि बुटकी तशीच सोडते. वांझ रोगाची झाडे खुडणीआधी उपटून टाका.

आणखी एक. शेजारच्या ज्वारी-उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारताना वाऱ्याने तुषार तुरीवर आले तर शेंडे पिळवटतात, पाने वाटीसारखी होतात. हे कृत्रिम ऑक्झिन पेशीत सहज शिरते, पण वाहक प्रथिने ते नीट बाहेर काढत नाहीत, म्हणून आत साचते. ते मारलेला पंप नुसता विसळून तुरीच्या फवारणीला वापरू नका. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

खुडलेल्या झाडांवर आठवड्या-दहा दिवसांत बगलेतले फुटवे दिसायला हवेत. दिसले नाहीत तर पुन्हा खुडण्याआधी जमिनीतला ओलावा आणि मुळे तपासा.