ट्रान्झिस्टरची लोड लाईन कशी काढायची आणि क्यू पॉइंट कसा बसवायचा

लोड लाईन म्हणजे ट्रान्झिस्टरवर किती व्होल्ट असताना त्यातनं किती करंट जाऊ शकतो ते दाखवणारी ग्राफवरची रेघ. डिप्लोमाच्या पोरांना ती काढा म्हटलं की पट्टी घेऊन तिरकी रेघ मारतात, मधे एक टिंब देतात आणि मार्क बी मिळवतात, पण ती रेघ नक्की कुणाची म्हणून विचारलं तर सगळे म्हणणार ट्रान्झिस्टरची. नाही. ती रेघ सप्लाय आणि कलेक्टरच्या रेझिस्टरची असते. ट्रान्झिस्टर बदलला तरी ती जागची हलत नाही, ट्रान्झिस्टर फक्त त्या रेघेवर कुठं उभारायचं ते ठरवतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे बघा.

सामान लई लागत नाही. १२ व्होल्टचा अडॅप्टर, ब्रेडबोर्ड, साधा मल्टिमीटर, थोडे रेझिस्टर आणि दोन-चार बीसी ५४७ नंबरचे ट्रान्झिस्टर. चपटी बाजू आपल्याकडं आणि पाय खाली धरले की डावीकडनं कलेक्टर, बेस, एमिटर. काही दुसऱ्या नंबरांत हा क्रम उलटा असतो, तेव्हा बदली ट्रान्झिस्टर दिला असंल तर पाय आधी तपासा.

आधी रेघ काढू. कलेक्टरला १ के (हजार ओहम) लावलाय आणि एमिटर सरळ ग्राउंडला. आडव्या अक्षावर कलेक्टर ते एमिटर व्होल्टेज घ्या, उभ्यावर कलेक्टर करंट. ट्रान्झिस्टर पूर्ण बंद (कटऑफ) असला तर करंट शून्य, रेझिस्टरवर काहीच पडत नाही, सगळे १२ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर, हे झालं आडव्या अक्षावरचं टोक. पूर्ण चालू (सॅच्युरेशन) असला तर ट्रान्झिस्टरवर जवळजवळ शून्य आणि करंट १२ भागिले १ के म्हणजे १२ मिलीॲम्प, हे उभ्या अक्षावरचं. दोन्ही टोकं जोडा. खरं तर पूर्ण चालू असताना पण ०.२ व्होल्टच्या आसपास उरतात, पण रेघ मारताना ते सोडून द्या.

आता क्यू पॉइंट, म्हणजे सिग्नल नसताना ट्रान्झिस्टर जिथं उभारलाय ती जागा. ॲम्प्लिफायर करायचाय तर तो मधे पाहिजे, ६ व्होल्ट आणि ६ मिलीॲम्प. केएमटीच्या (कोल्हापूरच्या सिटी बसच्या) गर्दीत मधे उभारलं की पुढचं दार आणि मागचं दार सारखंच लांब, तसं. दाराला चिकटून उभारलात तर एका बाजूला हलायला जागाच नाही.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे सप्लायवरनं बेसला एकच मोठा रेझिस्टर. गेन, म्हणजे कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट ते, ३०० धरला तर ६ मिलीॲम्पसाठी बेसला २० मायक्रोॲम्प लागतात, बेसवर ०.७ व्होल्ट धरून १२ मधनं वजा केले तर ११.३ उरतात, त्याला २० मायक्रोॲम्पनं भागलं की ५६५ के, म्हणून ५६० के लावायचा. पॉवर ऑन करून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि कलेक्टर-एमिटरमधे मोजा. करंट मोजायला सर्किट तोडत बसू नका, १ के च्या दोन टोकांवरचे व्होल्ट मोजा, जितके व्होल्ट तितके मिलीॲम्प, म्हणून तर शिकताना मी १ के च घ्यायला लावतो.

आणि इथंच गंमत होते. बी ग्रेडच्या बीसी ५४७ चा गेन २०० पासून ४५० पर्यंत कुठंही असू शकतो, काउंटरवर पुडीत मिळतात त्यातला प्रत्येक वेगळा. २०० वाला लावला तर साधारण ८ व्होल्ट दिसतील, ४५० वाला लावला तर ३ च्याही खाली, आणि सी ग्रेडचा ६०० गेनचा निघाला तर पार सॅच्युरेशनमधे जाऊन बसला. रेझिस्टर तेच, रेघ तीच, टिंब मात्र कुठल्या कुठं. स्कोप (वेव्ह पडद्यावर दाखवणारं यंत्र) असंल तर कलेक्टरवरच्या वेव्हची खालची बाजू सपाट झालेली दिसते, तेव्हा समजायचं सॅच्युरेशनला टेकलाय, वरची सपाट असली तर कटऑफला. गणपतीत एखाद्या मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर फाटका आवाज काढतो तेव्हा सगळे स्पीकरला शिव्या घालतात, पण दोष कधी कधी बायसिंगचा, म्हणजे क्यू पॉइंट बसवण्याचा बी असतो.

गरमीचा त्रास वेगळाच. तापमान एक डिग्री वाढलं की बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलीव्होल्टनं कमी होतं आणि गेन पण वाढतो, म्हणजे मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेलं सर्किट सकाळी एका जागी आणि दुपारी दुसऱ्या.

म्हणून चार रेझिस्टरवालं करा. कलेक्टरचा १ के तसाच, एमिटर आणि ग्राउंडमधे २२० ओहम, बेसला वरनं सप्लायकडनं ५६ के आणि खाली ग्राउंडला १० के. आता करंट वाढायला लागला की एमिटरचं व्होल्टेज वर सरकतं, बेस-एमिटरमधलं अंतर कमी होतं आणि करंट आपोआप दाबला जातो. रेघेत २२० पण धरायचा, म्हणजे वरचं टोक १२ भागिले १.२२ के, साधारण ९.८ मिलीॲम्प. क्यू पॉइंट येतो ४.५ मिलीॲम्प आणि ६.५ व्होल्टवर. आता २०० गेनवाला लावा नाहीतर ४५० वाला, मीटर ६.८ आणि ६.३ च्या मधेच राहतो. मगाशी ८ आणि ३ होतं. माझ्या मते पहिली पद्धत पेपरात लिहायला ठीक, बोर्डवर लावायला नाही.

उद्यमनगरात (कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात) मशीनच्या पॅनलमधे रिले (कॉइलनं चालणारा स्विच) ओढायला ट्रान्झिस्टर असतो, तिथं मात्र मधे उभारायचंच नाही. १२ व्होल्टची ४०० ओहमची कॉइल असंल तर पूर्ण चालू असताना ३० मिलीॲम्प गुणिले ०.२ व्होल्ट, फक्त ६ मिलीवॉट. मधे अडकला तर ६ व्होल्ट गुणिले १५ मिलीॲम्प, ९० मिलीवॉट. रेघेवर सगळ्यात जास्त ताप मधेच असतो, म्हणून स्विचला बेस करंट सढळ द्या आणि कॉइलवर उलटा डायोड विसरू नका.

आता शेवटची भानगड. एमिटरच्या २२० ला पॅरलल १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, म्हणजे सिग्नलपुरता २२० बाजूला पडला, आणि कलेक्टरवरनं कपॅसिटरमधनं पुढं १ के चा लोड जोडला, तर सिग्नलला कलेक्टरवर १ के दिसतच नाही, दोन १ के पॅरलल म्हणजे ५०० ओहम दिसतात. त्याच क्यू पॉइंटमधनं दुसरी, जास्त उभी रेघ जाते, ती एसी लोड लाईन. ४.५ मिलीॲम्प गुणिले ५०० ओहम म्हणजे वरच्या बाजूला फक्त २.२५ व्होल्ट जागा, खाली सहाच्या वर पडून आहे. डीसी रेघेचं मधलं टिंब इथं उपयोगाचं नाही. ५६ के काढून ३९ के लावा, करंट ७ मिलीॲम्पवर जातो, कलेक्टर-एमिटरमधे साधारण ३.४ व्होल्ट दिसतात, आणि वर-खाली दोन्हीकडं तीन-सव्वातीन व्होल्ट मोकळे मिळतात.