जुन्या गाडीचं वायरिंग जळालंय? नवी वायर टाकण्याआधी या चुका टाळा

मराठवाड्यात जुनी गाडी जिवापाड जपणारी माणसं भरपूर आहेत. एमएच २१, २२, २३, २६ अशा पाट्यांच्या मारुती ८००, ओम्नी, सुमो आणि बोलेरो अजून मोंढ्यात, दवाखान्यात, लग्नकार्याला बिनतक्रार धावतात. ऑइल वेळेवर बदललं जातं, टायरची हवा बघितली जाते. वायरिंगची आठवण मात्र गाडी रस्त्यात बंद पडल्यावर किंवा डॅशबोर्डखालून वास आल्यावरच होते. मग घाई होते. “दादा, सध्या डायरेक्ट करून देतो, गाडी घरापर्यंत जाईल,” असं इलेक्ट्रिशियन म्हणतो आणि ती फ्यूज-स्विच टाळून डायरेक्ट केलेली वायर पुढे पाच वर्षं तशीच राहते.

वायर आपोआप जळत नाही. तिच्यातून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेलेला असतो, किंवा एखादा जोड सैल होऊन तिथं उष्णता झालेली असते, किंवा घासून-कुरतडून तांबं उघडं पडून ते बॉडीला लागलेलं असतं. यातलं नेमकं काय झालं ते कळल्याशिवाय जळका तुकडा बदलला, तर नवा तुकडाही त्याच वाटेनं जातो.

फ्यूज वाढवू नका

सगळ्यात घातक चूक हीच. १० अँपिअरचा लाल फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथं २० चा पिवळा बसवतात, तोही उडाला की ३० चा हिरवा. काही ठिकाणी तर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी किंवा तांब्याची तार गुंडाळलेली दिसते. फ्यूज बल्ब वाचवायला नसतो, तो वायर वाचवायला असतो. १० अँपिअरच्या हिशोबानं टाकलेल्या बारीक वायरला ३० चा फ्यूज लावला की शॉर्ट झाल्यावर फ्यूज शाबूत राहतो आणि वायरच फ्यूजचं काम करते. तीही एकटी जळत नाही, गुच्छ्यातल्या शेजारच्या वायरी सोबत घेऊन जळते.

उडणाऱ्या फ्यूजचं कारण शोधायला साधी युक्ती आहे. फ्यूज काढा आणि त्याच्या दोन पिनांच्या जागी २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब वायरीनं जोडा. त्या सर्किटवरचे दिवे, हॉर्न, मोटर, जे असेल ते कपलरमधून (वायरींच्या प्लगमधून) सोडवा. आता बल्ब लख्ख पेटला, तर वायर कुठं तरी बॉडीला लागलीय. मग गुच्छा हातानं वीतभर-वीतभर हलवत चला. फायरवॉलचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचं) भोक, दाराची बिजागरी, सीटखालची पट्टी, डिकीच्या झाकणाचं वळण या जागा आधी बघा. जिथं हलवल्यावर बल्ब विझतो किंवा मिणमिणतो, तिथं टेप उकला. बहुतेक वेळा रबरी ग्रोमेट (वायर पत्र्याला घासू नये म्हणून भोकात बसवलेली कडी) गळून पडलेला असतो आणि पत्र्याच्या धारेनं वायर सोललेली असते. ती दुरुस्त केली आणि ग्रोमेट न बसवताच सोडून दिली, तर काम अर्धंच झालं.

हेडलाइटचंही असंच आहे. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब अप्परवर साधारण १० अँपिअर ओढतात. त्यांच्या जागी १००/९० चे टाकले की करंट १६-१७ वर जातो, वायर आणि स्विच मात्र जुनेच. स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच तपकिरी पडलेला, प्लास्टिक वितळलेलं दिसलं, तर आधी बल्ब कोणते आहेत ते बघा. मूळ वॅटचेच बल्ब ठेवा आणि रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून घ्या: ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून फ्यूजमार्गे २.५ स्क्वेअर एमएमची वायर, ८७ वरून दिवे, ८५-८६ ला स्विच आणि अर्थ. सगळा करंट स्विचमधून जाणं बंद होतं आणि उजेडही वाढतो. दिव्यापाशी एक व्होल्ट कमी पोचला तरी प्रकाश साधारण चौथ्या हिश्श्यानं घटतो. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा यामुळेच दिवे मंद वाटतात आणि लोक मोठे बल्ब आणायला धावतात.

अर्थिंग बघितल्याशिवाय पार्ट बदलू नका

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. पार्किंग लाइट लावला की इंडिकेटरची टिकटिक बिघडते. वायपर लावला की डॅशबोर्डवरचे काटे हलतात. असं काही दिसलं की फ्लॅशर, स्विच, बल्ब बदलण्यात पैसे जातात, आणि दोष असतो अर्थच्या, म्हणजे करंटला बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या, एका गंजलेल्या बोल्टचा. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो, म्हणून नको तो दिवा पेटतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. दिवे चालू करा. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं दिव्याच्या अर्थ वायरवर. आकडा शून्याच्या जवळ हवा. ०.२ च्या वर गेला की त्या वाटेवर शंका घ्या. बोल्ट उघडा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं टोपण) नवं लावा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावा. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत हे हमखास करा, कारण अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला सापडतो.

इंजिन आणि बॉडी जोडणारी जाड पट्टी तर कुणी बघतच नाही. ती तुटली की सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून परत जायला बघतो. सेल्फ मारताना केबल गरम लागत असेल, तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही.

जोड मारायचा तर नीट मारा

दोन वायरी पिळून वर टेप, हा जोड आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. साध्या पीव्हीसी टेपचा गोंद वितळून चिकट होतो, टेप सरकते आणि जोड उघडा पडतो. तिथं पावसाळ्यात पाणी शिरलं की तांब्यावर हिरवी भुकटी धरते. टेप उकलल्यावर ही भुकटी दिसली, तर वायर मागं मागं कापत जा. लालसर, चमकदार तांबं लागेपर्यंत थांबू नका.

जोडासाठी योग्य मापाचं थिंबल किंवा बट कनेक्टर (दोन वायरींची टोकं जोडणारी नळी) घ्या, क्रिम्पिंगच्या पक्कडनं दाबा, ओढून बघा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. सोल्डरिंगला माझा सरसकट विरोध नाही. पण सोल्डर वायरीच्या तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनच्या थरथराटात नेमका तिथं मोडतो. सोल्डर केलंच तर दोन्ही बाजूंनी आधार बांधा. चार-पाच वायरी जोडायच्या असतील तर सगळे जोड एकाच जागी आणू नका, दोन-दोन बोटांचं अंतर ठेवून मारा.

घराच्या फिटिंगमधली एकतारी वायर गाडीत चालत नाही, हलून मोडते. बहुतारी ऑटो वायरच घ्या, जुनीच्या जाडीची किंवा एक माप वर. स्वस्त बंडल घेताना पात्यानं तार खरवडून बघा. आत चांदीसारखा रंग दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. परत द्या.

रंगावरून अंदाज बांधू नका. ब्रिटिश पद्धतीच्या जुन्या वायरिंगमध्ये तपकिरी वायर बॅटरीची थेट लाइव्ह असते, जर्मन पद्धतीत तीच तपकिरी अर्थ असते. मॅन्युअलमधला नकाशा बघा, नसेल तर मीटर लावूनच खात्री करा.

उंदीर

सोयाबीन निघालं की रान मोकळं होतं आणि पोती घरात येतात. पोत्यांच्या शेडमध्येच गाडी असेल तर दसरा-दिवाळीनंतर एकदा तरी बॉनेट उघडून बघाच. इथं हमखास होणारी चूक म्हणजे समोर दिसलेल्या दोन कुरतडलेल्या वायरी जोडून मोकळं होणं. एअर फिल्टरचा डबा उघडा, मागच्या सीटखाली आणि कार्पेटखाली हात घाला. लेंड्या किंवा चिंध्यांचं घरटं सापडलं, तर तिथून दोन्ही दिशांना गुच्छा तपासा. हातमोजे घाला, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. डांबरगोळ्या आणि तंबाखूच्या पुड्यांवर माझा भरवसा नाही. पोती दुसरीकडे हलवणं आणि खालून बारीक जाळी लावणं याचाच उपयोग होतो.

पूर्ण हार्नेस कधी बदलायचा?

वायर वाकवली की आवरण तडकतंय, जळणं फूट-दोन फूट पसरलंय किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी होती, तर जोडाजोडीत वेळ घालवू नका, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा गुच्छाच बदला. भंगारातून जुना हार्नेस घेणार असाल तर मॉडेलचं नाव जुळून भागत नाही. वर्ष, एसी आहे की नाही, कार्ब्युरेटर की एमपीएफआय (इंजेक्शनचं इंजिन), सगळं जुळायला हवं. जुना काढण्याआधी फोटो घ्या, प्रत्येक कपलरला चिठ्ठी लावा आणि कपलर कापून तर मुळीच काढू नका. नवा-जुना जमिनीवर शेजारी पसरून एकेक फाटा मोजा.

बॅटरीची मायनस आधी सोडायची आणि शेवटी लावायची. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला किंवा पिवळ्या नळीतल्या वायरीला हात लावू नका, मीटरही लावू नका. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचंच. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडा.

काम झाल्यावर मायनस थेट लावू नका. तोच २१ वॅटचा बल्ब खुंटी आणि केबलच्या मध्ये धरा. सगळं बंद असताना बल्ब पेटला नाही तरच पुढं जा. मग हेडलाइट, पंखा, वायपर १५ मिनिटं चालू ठेवा आणि प्रत्येक नवा जोड, कपलर, फ्यूजबॉक्स हातानं चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर तो जोड पुन्हा मारा.

शेवटी गाडी बंद करून, चावी काढून, मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर मायनसला सिरीजमध्ये, म्हणजे खुंटी आणि सोडलेल्या केबलच्या मध्ये, लावा. या वेळी सेल्फ मारू नका, मीटर जाईल. जुन्या गाडीत आकडा ०.०५ अँपिअरच्या आत हवा. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गळताहेत, म्हणजे ३५ ची बॅटरी तीन दिवसांत झोपणार. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, त्याच सर्किटमध्ये अजून एक उघडी वायर किंवा कुणीतरी मधेच जोडलेली म्युझिक सिस्टीम लपलेली आहे.