चिमणी कशी निवडावी आणि मायक्रोवेव्ह कुठे ठेवावा

स्वयंपाकघर नव्याने करताना कपाटांचे रंग आधी ठरतात आणि चिमणी शेवटी उरलेल्या जागेत बसते. हा क्रम उलटा करा. कपाट हातभर इकडेतिकडे सरकवता येतं, धुराचा पाइप मात्र बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यावाच लागतो.

१. आधी पाइपची वाट शोधा. शेगडी शक्यतो बाहेरच्या भिंतीला लागून घ्या. पाइप जितका आखूड आणि सरळ, तितकी हवा सहज बाहेर जाते. प्रत्येक कोपऱ्याला ओढ कमी होते, आणि वळ्या पडलेला लवचिक पाइप गुळगुळीत पाइपपेक्षा हवेला जास्त अडवतो. चिमणीचं तोंड १५ सेंटिमीटरचं असेल तर शेवटपर्यंत तोच व्यास ठेवा. मध्येच १० सेंटिमीटरचा पाइप जोडला की वाट निम्म्याहून कमी उरते, मोटर ओरडते आणि धूर घरातच राहतो. पाइपचं टोक उघड्यावरच निघालं पाहिजे. ते फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडलं तर तेलकट वाफ तिथेच साचते.

पाइप नेणं अगदीच अशक्य असेल तर बिनपाइपची चिमणी मिळते. तिच्यातला कोळशाचा फिल्टर वास कमी करतो, पण वाफ आणि गॅस जळताना तयार होणारे वायू खोलीतच परततात. त्यामुळे ती घेतली तरी खिडकीत एक्झॉस्ट फॅन हवाच.

२. मग माप घ्या. चिमणी निदान शेगडीइतकी रुंद हवी, दोन्ही बाजूंना थोडी जास्त असेल तर उत्तम. रुंदी सगळे बघतात, चिमणीची भिंतीपासून पुढपर्यंतची खोली मात्र कुणी मोजत नाही. पुढच्या बर्नरवरचा धूर निसटतो तो त्यामुळेच. उंची शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर ठेवतात, पण माहितीपुस्तिकेत दिलेलं अंतर शेवटचं माना.

३. ओढ किती हवी? खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणा. ३ × २.५ × २.७ म्हणजे सुमारे २० घनमीटर. ही हवा तासाला १२ वेळा बदलायची तर २४० घनमीटर लागतात. हा किमान हिशेब झाला. रोज तळण होत असेल किंवा पाइप लांब असेल तर बरीच जास्त क्षमता घ्या. डब्यावरचा मोठा आकडा बहुधा सर्वांत वरच्या वेगाचा असतो, म्हणून मधल्या वेगाला आवाज किती होतो ते दुकानात ऐकाच. आवाजाला कंटाळून बंद ठेवलेली चिमणी काहीच ओढत नाही.

४. आत येणाऱ्या हवेची सोय करा. जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यायला हवी. सगळं बंद ठेवून जोरदार चिमणी चालवली, आणि घरात गॅसचा गीझर असेल, तर त्याचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, ज्याला वास नसतो. एक खिडकी थोडी उघडी ठेवा, ही गोष्ट टाळू नका.

५. आता मायक्रोवेव्ह. खाली पंखा असलेला मायक्रोवेव्ह शेगडीवर टांगायची पद्धत आहे. जागा वाचते हे खरं, पण पुढच्या बर्नरवर त्याचं आच्छादन क्वचितच पोचतं, आणि पेटत्या शेगडीवरून गरम भांडं उतरवावं लागतं. दुसरी जागा असेल तर मी असा मायक्रोवेव्ह घेणार नाही.

मायक्रोवेव्ह ओट्याच्या उंचीवर किंवा छातीच्या खाली ठेवा, शेगडी आणि सिंकपासून दूर. बहुतेक मायक्रोवेव्हचं दार डावीकडे उघडतं, म्हणून भांडं टेकवायला उजवीकडे ४० सेंटिमीटर तरी मोकळा ओटा हवा. मागे, वर आणि बाजूंना पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडा. बंद कपाटात फक्त त्यासाठीच बनवलेलं मॉडेल बसवावं. ९०० वॅटचा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात १३०० ते १४०० वॅट वीज घेतो, तेव्हा त्याला अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट द्या, एक्स्टेंशन बोर्ड नको.

६. बसवल्यावर तपासा. पुढच्या बर्नरवर पाणी उकळा, चिमणी मधल्या वेगावर ठेवा आणि बाजूने टॉर्च मारून वाफ कुठे जाते ते पाहा. ती चिमणीच्या कडेबाहेर पडत असेल तर तळण मागच्या बर्नरवर करा. चिमणी स्वयंपाकाच्या थोडं आधी लावा आणि नंतर १० ते १५ मिनिटं चालू राहू द्या.