कोंबडीच्या पिल्लांची रक्ती हगवण, माझा अनुभव

नागपुरात हुडकेश्वरकडं घराच्या मागं शेड टाकून ४० गावरान पिल्लं आणली होती, जुलैच्या झडीत चार आठवड्यांची झाली नं एका सकाळी पाहतो तं सहा-सात पिल्लं पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात, खाणं बंद आणि खाली लालसर शिट. दोन तं मेलेच. शेजारचे काका म्हणे हळद पाजा, मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) असंल. मी पण एक दिवस हळदीतच घालवला, चूक माझीच.

मग मेलेलं पिल्लू घेऊन सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला गेलो. कापून पाहिलं तं आतडं रक्तानं भरलेलं, म्हणे कॉक्सिडिओसिस, म्हणजे आयमेरिया नावाचा परजीवी, बॅक्टेरिया नाही.

औषध ॲम्प्रोलियम २० टक्केवाली पावडर, एक लिटर पाण्याला १.२ ग्रॅम, ५ दिवस, दुसरं पाणी ठेवायचंच नाही, नंतर आठवडाभर ०.३ ग्रॅम. आजारी पिल्लू खात नाही पण पाणी पितं म्हणून पाण्यातूनच. मी हौसेनं व्हिटॅमिन बी पण टाकणार होतो, डॉक्टरांनी थांबवलं, कारण हे औषध त्या परजीवीला बी-१ मिळू देत नाही, आपणच बी-१ पाजलं तं औषध फुकट!

खरी भानगड लिटरची, म्हणजे पिल्लांखाली अंथरलेल्या तुसाची होती. भांडं सांडून तूस ओलं झालेलं, अन ओल-उकाड्यात या परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात, साध्या फिनाइलनं मरत नाही. सगळं तूस काढून फेकलं, कोरडं टाकलं, भांडं विटेवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं. ४० पैकी ३५ वाचले.