सिगार चाखताना या चुका टाळा: दोष पानाचा, हाताचा की आपला?

महागडी सिगार कडू लागली की ठपका ब्रँडवर बसतो. खरं तर चव तीन ठिकाणी बिघडू शकते: पानात, ते वळणाऱ्या हातात आणि ओढणाऱ्याकडे. पहिल्या दोघांना गुण द्यायचे तर आधी तिसऱ्याचा गोंधळ निस्तरायला हवा.

पेटवण्याआधीचा घोळ

सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान मानवतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणची हवा सहज 80 टक्क्यांच्या वर जाते. उघड्यावर राहिलेली सिगार ती ओल शोषून फुगते, मग ओढायला जड जाते, सारखी विझते आणि आंबूस लागते. फ्रिज हा उपाय नव्हे. तिथे ती सुकते, वर कालच्या भाजीचा वास घेऊन बाहेर येते.

ह्युमिडॉर (ओलावा राखणारी सिगारची पेटी) असला तरी त्यातला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) तपासल्याशिवाय खरा मानू नका. बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला आणि हायग्रोमीटरसोबत झिपच्या पिशवीत 24 तास बंद ठेवा. आकडा 75 यायला हवा. 70 आला तर तुमचं यंत्र 5 ने कमी सांगतंय, आणि तुम्ही इतके दिवस सिगार भिजवत होतात.

रॅपरवरची, म्हणजे सिगारच्या सर्वांत बाहेरच्या पानावरची, पांढरी पूड ‘मुरल्याची खूण’ म्हणून कौतुकाने दाखवली जाते. ती जवळजवळ नेहमी बुरशीच असते. टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर तंबाखूचा किडा लागलाय. ती सिगार लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा.

कापणं आणि पेटवणं

कॅप, म्हणजे ओढायच्या टोकावरची पानाची टोपी, जेमतेम 2 मिलिमीटर कापा. तिची कड रॅपरवर दिसते. त्या रेषेखाली कटर गेला की रॅपर उलगडू लागतो. कापल्यावर न पेटवता एक झुरका घेऊन बघा. हवा येत नसेल तर बोटांनी चाचपा. सगळीकडे स्पंजासारखी लागली तर ओल जास्त आहे, काही आठवडे 65 टक्क्यांवर ठेवली की सुधारते. एकाच जागी टणक गाठ लागली तर मात्र चूक वळणाऱ्याची, तिथे गुण कापा.

पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती नको, दोन्हींचा वास पहिल्या झुरक्यांत उतरतो. ब्यूटेन लायटर किंवा लांब लाकडी काडी घ्या. काडीचं गूल पूर्ण जळू द्या. टोक ज्योतीत न घालता थोडं वर धरून फिरवत शेका, कडा सारखी लाल झाली की ओढा.

सर्वांत मोठी चूक: घाई

मिनिटाला एक झुरका पुरे. दोन-तीन घेतले की जळतं टोक तापतं आणि उत्तम पानही डांबरासारखं कडू लागतं. एक बाजू मागे राहिली तर ती खाली धरा, तरीही न जुळल्यास तेवढ्यावर ज्योत दाखवा. धूर छातीत घ्यायचा नसतो. तोंडातून सोडताना थोडा नाकावाटे काढला की वास नीट कळतो. धूर गिळला नाही तरी तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. उपाशीपोटी ओढलीत तर निकोटीनने गरगरेल, आणि तसा निकाल फुकटच.

गुण देताना

क्यूबात ओढण्यातली सुलभता, जळण, सुवास, चव आणि कडकपणा असे पाच मुद्दे वेगवेगळे नोंदतात. आपल्याकडे शेवटचे दोन हमखास एकत्र होतात: कडक म्हणजे चवदार असं नसतं. रॅपर काळा म्हणून सिगार कडक, हाही गैरसमजच. तो रंग बहुधा जास्त आंबवल्यामुळे येतो. कडकपणा मुख्यतः फिलरमधल्या (आत भरलेल्या तंबाखूतल्या) ‘लिखेरो’चा, म्हणजे रोपाच्या शेंड्याकडच्या जाड, सावकाश जळणाऱ्या पानांचा. पांढऱ्या राखेलाही वेगळे गुण देऊ नका, ती जमिनीतल्या क्षारांवर ठरते.

सिगारवरची पट्टी दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या, नाव दिसलं की जीभ पक्षपाती होते. सोबत साधं पाणी ठेवा. चव तीन भागांत लिहा, कारण शेवटचा तृतीयांश नेहमीच तीव्र असतो आणि त्यावरून आख्ख्या सिगारचा निकाल लावणं अन्यायाचं आहे. हाताने वळलेला माल असल्याने एकाच डब्यातल्या निदान दोन सिगार ओढून मगच आकडा टाका. आदल्या दिवशी अर्धी विझवलेली त्यात धरू नका.